जमीन मिळते आहे, मौनाची सवय आहे. ख्रिस्ती सहजीवनाची सुरुवात कुठून करावी?

ओलावा

सप्रेम नमस्कार.

आम्ही काही कुटुंबे आणि काही एकटे राहणारे बंधुभगिनी गेली काही वर्षे दर आठवड्याला एका संध्याकाळी मौन प्रार्थनेसाठी जमतो. आमच्यात कॅथलिक आहेत, प्रोटेस्टंट मंडळ्यांतले आहेत, आणि रविवारी ज्याने त्याने आपापल्या मंडळीत जायचे हे आम्ही पहिल्यापासून पाळले आहे. आमची पद्धत साधी आहे. एक स्तोत्र म्हणायचे, शुभवर्तमानातला लहानसा उतारा सावकाश दोनदा वाचायचा, मग अर्धा तास कोणी काही बोलायचे नाही, आणि शेवटी प्रभूची प्रार्थना म्हणून उठायचे. या अर्ध्या तासाने आम्हाला एकमेकांच्या इतके जवळ आणले आहे की कोणाच्या घरी आजारपण आले किंवा कोणाची नोकरी गेली, तर पहिला फोन आता आमच्यातल्याच कोणाला तरी जातो.

आमच्यातल्या एका कुटुंबाने आपली शेतजमीन सामूहिक जीवनासाठी देऊ केली आहे. ते कुटुंब तिथेच राहणार आहे, आणि बाकीच्यांनीही हळूहळू तिथे येऊन घरे बांधावीत, मिळून शेती करावी आणि दिवसातून ठरलेल्या वेळी एकत्र प्रार्थना करावी अशी त्यांची मनापासूनची इच्छा आहे. काही जण लगेच निघायला तयार आहेत. मलाही हे जीवन हवे आहे. ज्या मातीतून आपले अन्न येते ती माती, ज्यांच्याबरोबर आपण प्रार्थना करतो ती माणसे आणि ज्या घरात आपण झोपतो ते घर, या तिन्ही गोष्टी आज एकमेकींपासून तुटलेल्या आहेत, आणि त्या पुन्हा एका ठिकाणी याव्यात ही ओढ मला प्रार्थनेतूनच लागली आहे.

तरीही निघण्याआधी काही प्रश्नांची उत्तरे शोधणे मला आवश्यक वाटते. जमीन कोणाच्या नावावर असावी? उत्पन्न एकत्र करावे की ज्याचे त्याच्याकडे राहू द्यावे? आमच्यात लहान मुलांचे आईबाप आहेत आणि वृद्धही आहेत, तेव्हा प्रार्थनेचा नियम किती कडक असावा? आणि कोण आमच्यातला आहे हे कसे ठरवावे, की ज्यामुळे आपलेपणा खरा राहील आणि दारही कोणाला बंद होणार नाही? ज्यांनी असे जीवन जवळून पाहिले आहे किंवा त्याचा अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नांगरट

ओलावा, आपल्या प्रश्नातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण जाता जाता लिहिले आहे: जमीन देणारे कुटुंब तिथेच राहणार आहे. या कुटुंबाच्या उदारपणाबद्दल मला तिळमात्र शंका नाही, पण दाता जिथे शेजारी म्हणून राहतो तिथे बाकीचे सगळे, कोणी तसे म्हणो वा न म्हणो, पाहुणे होऊन बसतात. बांधावर झाड लावायचे असले तरी नजर आधी त्या घराकडे जाते. पुढे त्या कुटुंबावर वाईट दिवस आले, त्यांच्या मुलांचे विचार बदलले किंवा त्यांचे इतरांशी बिनसले, तर सगळ्यांची घरे एका माणसाच्या मनःस्थितीवर टांगलेली राहतात. म्हणून जमीन द्यायची तर कोणी राहायला येण्यापूर्वी ती पूर्णपणे द्यावी, नाहीतर रीतसर भाड्याचा करार करावा आणि सर्वांनी ती भाड्याचीच समजावी. अर्धवट दिलेली जमीन हा या दोहोंपेक्षा वाईट मार्ग आहे.

बायबलमधल्या लेवीय 25 मध्ये जमीन कायमची विकू नये, कारण ती देवाची आहे आणि तुम्ही तिच्यावर उपरे आहात, असे सांगितले आहे. प्रत्येक पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ कुळाकडे परत जावी, अशी व्यवस्थाही तिथेच आहे. हे वचन आपण भिंतीवर लावतो आणि दस्तऐवज मात्र नेहमीसारखाच करतो. त्याला कागदावर उतरवण्याचा एक प्रयत्न अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात 1969 मध्ये झाला. नागरी हक्कांच्या चळवळीत भाग घेतल्यामुळे जमिनीवरून हुसकावल्या गेलेल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी ‘न्यू कम्युनिटीज’ ही संस्था स्थापन झाली आणि तिने सुमारे 5,700 एकर जमीन घेतली. रचना अशी होती की जमीन कायम न्यासाची राहील, कुटुंबांना ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळेल आणि कोणालाही ती बाजारात विकता येणार नाही. आज अनेक देशांत सामुदायिक भूमिन्यास म्हणून जी पद्धत रूढ आहे, तिचे मूळ इथे आहे.

पण याच संस्थेची पुढची हकिकतही आपल्या गटाने वाचावी असा माझा आग्रह आहे. दुष्काळ पडला, सरकारी तातडीचे कर्ज वेळेवर मिळाले नाही आणि 1985 मध्ये कर्जापायी ती सगळी जमीन गेली. सदस्यांनी जमीन विकू नये याची तजवीज न्यासपत्राने केली होती. सावकाराने ती ओढून नेऊ नये याची तजवीज न्यासपत्र करू शकत नाही. त्यामुळे न्यास करा, आणि त्या जमिनीवर कर्ज काढायचे नाही हेही त्यातच लिहा, मग घरे दहा वर्षे उशिरा उभी राहिली तरी चालेल. जमिनीचा कायदा देशोदेशी, राज्योराज्यी निराळा असतो. आपल्या ठिकाणी काय चालते ते चांगल्या वकिलाला विचारावे आणि त्याची फी द्यायला मागेपुढे पाहू नये.

उत्पन्नाविषयी माझे मत अनेकांना पटणार नाही, पण लिहितो. प्रेषितांची कृत्ये 2 आणि 4 मध्ये विश्वासणाऱ्यांचे सर्व काही समाईक होते असे आहे, आणि म्हणून पहिल्या दिवसापासून एकच तिजोरी हवी असे उत्साही गटांना वाटते. पण पाचव्या अध्यायात, जमीन विकून आलेल्या पैशांतला काही भाग लपवणाऱ्या हनन्याला पेत्र काय म्हणतो तेही पाहावे. ती जमीन विकण्यापूर्वी तुझीच होती आणि विकल्यावर तिचे पैसेही तुझ्याच हाती होते, असे तो त्याला बजावतो. दोष खोटेपणाचा होता. स्वतःजवळ ठेवणे हा गुन्हा नव्हता. सहाव्या अध्यायात तर ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते अशी कुरकुर उठते आणि वाटपासाठी सात जण नेमावे लागतात. जेरूसलेमच्या त्या मंडळीलाही व्यवस्था बसवावी लागली, तीही तक्रार ऐकून घेऊन.

पूर्ण समाईक मालमत्तेची परंपरा खरी आणि दीर्घ आहे. हटराइट या ख्रिस्ती पंथाचे लोक ती 1528 पासून, मध्ये काही काळ खंड पडूनही, पाळत आले आहेत, आणि जर्मनीत 1920 मध्ये एबरहार्ड आणि एमी आर्नोल्ड यांनी सुरू केलेल्या ब्रुडरहोफ या ख्रिस्ती समुदायात आजही आयुष्यभराचे वचन देणाऱ्याकडे खासगी मालमत्ता राहत नाही. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण तिथे माणूस बाहेर पडला तर रिकाम्या हाताने पडतो, आणि ज्याला बाहेर पडणे परवडत नाही त्याच्या राहण्याला मी मोकळेपणाने केलेली निवड म्हणू शकत नाही. स्कॉटलंडमध्ये जॉर्ज मॅक्लिओड यांनी 1938 मध्ये सुरू केलेल्या आयोना समुदायाचा मार्ग मला आपल्यासारख्या गटासाठी अधिक योग्य वाटतो. त्यांचे सदस्य विखुरलेले राहतात, पैसा ज्याचा त्याच्याकडे असतो, पण आपण आपला पैसा आणि वेळ कसा वापरला याचा हिशेब ते एकमेकांना देतात. हे ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात आपली मिळकत आणि आपला खर्च चार जणांसमोर मांडणे बहुतेकांना तिजोरीत पैसे टाकण्यापेक्षा जड जाते, आणि म्हणूनच सुरुवात तिथून करावी. अजून कोणीही स्थलांतर केलेले नसताना, आहात तिथेच, हे करून पाहा.

आता कोण आमच्यातला, हा प्रश्न. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासींसाठी लिहिलेल्या नियमाचा 58 वा अध्याय आपण सर्वांनी मिळून वाचावा. नव्याने येणाऱ्याला सहज प्रवेश देऊ नये असे तो सुरुवातीलाच म्हणतो. आधी त्याला दाराशी थांबवावे, मग काही दिवस पाहुण्यांच्या खोलीत, मग नवशिक्यांच्यात ठेवावे. दोन महिन्यांनी त्याला सगळा नियम वाचून दाखवावा, त्यानंतर सहा महिन्यांनी पुन्हा, आणि आणखी चार महिन्यांनी तिसऱ्यांदा, आणि प्रत्येक वेळी त्याला जायला मोकळीक असावी. वर्षभरानंतर तो वचन देतो तेव्हा त्याचे अंगावरचे कपडे उतरवून मठाचे कपडे दिले जातात. पण उतरवलेले कपडे टाकून द्यायचे नाहीत, ते कपड्यांच्या खोलीत जपून ठेवायचे, म्हणजे कधी काळी तो मठ सोडून निघालाच तर ते त्याला परत देता येतील. मठ सोडणे बेनेडिक्टला मुळीच मान्य नव्हते, त्याला तो सैतानाचे ऐकणे म्हणतो. तरीही कपडे जपून ठेवायला सांगतो. आपल्या नियमात या कपड्यांच्या जागी काय असेल ते लिहून काढा: निघणाऱ्याच्या घराची किंमत कशी ठरेल, किती दिवसांत मिळेल, आणि गेल्यानंतर त्याला सणाला, प्रार्थनेला यायची मोकळीक असेल की नाही. हे भांडण नसतानाच लिहायचे असते.

जॉर्जियातलेच आणखी एक उदाहरण देऊन थांबतो. क्लॅरेन्स जॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1942 मध्ये तिथे कोइनोनिया फार्म हा शेतीवर राहणारा ख्रिस्ती समुदाय सुरू केला. गोरे आणि काळे एका टेबलावर जेवतात एवढ्या कारणावरून 1950 च्या दशकात त्यांच्यावर गोळीबार झाला, रस्त्याकडेचे विक्रीकेंद्र बाँबने उडवले गेले, कोणी त्यांना बियाणे देईना की त्यांचा माल घेईना. त्यांनी अक्रोडासारखी पिकॅनची फळे टपालाने दूरदूर विकून तग धरला. 1968 मध्ये त्यांनी आपली जुनी रचना मोडून नवी केली आणि गरिबांसाठी बिनव्याजी घरे बांधण्याचे काम हाती घेतले. ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही घरे बांधणारी संस्था 1976 मध्ये त्यातूनच निघाली. तिजोरीची पद्धत बदलली, कामे बदलली, माणसेही बदलली, आणि ते ठिकाण आजही चालू आहे. तेव्हा आपली पहिली रचना शेवटची असणार नाही हे गृहीत धरून ती बदलण्याची रीत आधीच ठरवून ठेवा.

सांजदिवा

नांगरट यांनी लिहिलेले बहुतेक सगळे मला मान्य आहे, विशेषतः कर्जाविषयी. तरीही मी एका जमिनीवर राहणाऱ्या लहान ख्रिस्ती समुदायात बराच काळ आहे आणि तिथून पाहताना मला थोडे वेगळे दिसते. कागद पक्के असूनही मोडलेले समुदाय मी पाहिले आहेत. त्यांच्यात एक गोष्ट सारखी होती: रोजची प्रार्थना आधी आखडत गेली, मग ज्याला जमेल त्याने यावे इतकी सैल झाली, आणि शेवटी बैठका तेवढ्या उरल्या. ओलावा, आपल्याकडे अर्धा तासाचे मौन आहे हे भांडवल जमिनीपेक्षा मोठे आहे. त्याला धक्का लागू देऊ नका.

जमिनीवर गेल्यावर या मौनाचे स्वरूप बदलते, याची तयारी असावी. आठवड्यातून एकदा भेटणाऱ्यांचे मौन गोड असते, कारण त्यानंतर आपण आपापल्या घरी जातो. रोज सकाळी त्याच माणसांबरोबर, काल ज्याच्याशी पाण्याच्या पाळीवरून वाजले त्याच्या शेजारी बसून गप्प राहणे हे निराळेच काम आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या इव्हाग्रियस या ख्रिस्ती संन्याशाने दुपारच्या सैतानाचे जे वर्णन केले आहे ते मला आमच्याकडच्या प्रत्येक नव्या माणसाच्या दुसऱ्या वर्षी आठवते. सूर्य हलतच नाही असे वाटू लागते, संन्यासी पुन्हा पुन्हा खिडकीबाहेर पाहतो, ही जागा आणि हे काम त्याला नकोसे होते, इथल्या बांधवांत आता प्रेम उरलेले नाही असे त्याच्या मनात येते, आणि दुसरीकडे कुठेतरी देवाला भजणे किती सोपे जाईल याची चित्रे त्याला दिसू लागतात. मोकळ्या जमिनीचे आजचे आपले स्वप्नही कधी कधी असेच खिडकीतून दिसलेले असू शकते, हे प्रार्थनेत तपासून घ्यावे असे मी प्रेमाने सुचवते. म्हणूनच बेनेडिक्टच्या परंपरेत स्थिरतेचे वचन आहे: याच जागी, याच माणसांबरोबर राहीन. पहिल्याच दिवशी ते आयुष्यभरासाठी मागू नये. एका वर्षासाठी मागावे, आणि वर्ष संपले की सर्वांसमोर पुन्हा विचारावे.

कामाविषयी. शेती ही प्रार्थनेतला व्यत्यय आहे असे मानणारे आणि शेती हीच प्रार्थना आहे असे म्हणून प्रार्थनेला न येणारे, दोन्ही प्रकारचे लोक आपल्याला भेटतील. बेनेडिक्टचा नियम या दोघांनाही उत्तर देतो. गरज पडून बांधवांना पीक स्वतः काढावे लागले तर त्यांनी खंत करू नये, हाताच्या कष्टावर जगतात तेव्हाच ते खरे मठवासी होतात, असे 48 वा अध्याय सांगतो. आणि 50 व्या अध्यायात प्रार्थनागृहापासून दूर कामावर असलेल्यांसाठी सोय आहे: वेळ झाली की ते आहेत तिथेच गुडघे टेकून प्रार्थना करतील. केरळच्या डोंगरात 1958 मध्ये फ्रान्सिस महियू आणि बीड ग्रिफिथ्स यांनी सुरू केलेल्या कुरिसुमला आश्रमातही हेच दिसते; सुरियानी उपासनेचे पहर आणि गोठ्यातले काम यांनी मिळून तिथला दिवस बनतो. गायीची धार काढण्याची वेळ चुकवता येत नाही, आणि तिने लावलेली शिस्त प्रार्थनेलाही उपयोगी पडते.

आमच्याकडची एक गोष्ट सांगते. अवजारांच्या खोलीत आम्ही भिंतीवर प्रत्येक अवजाराची आकृती काढून ठेवली आहे: कुदळ, फावडे, दाताळे, खुरपी, विळे. संध्याकाळी काम संपले की माती धुवायची, फडक्याने कोरडे करायचे, पात्याला तेलाचे बोट लावायचे आणि ज्याच्या त्याच्या आकृतीवर टांगायचे. मग प्रार्थनेची घंटा होते. एकदा विळ्याची आकृती काही दिवस रिकामी राहिली आणि त्यावरून दोन बांधवांचे बोलणे बंद झाले. विळा गवतात सापडला, पण अबोला सुटला नाही, कारण त्यातल्या एकाचे खरे दुखणे असे होते की आपण करतो ते काम इथे कोणाच्या नजरेलाच येत नाही. हे त्याला त्या विळ्यामुळेच बोलता आले. मठातली सगळी भांडी आणि वस्तू वेदीवरच्या पवित्र पात्रांसारख्या समजाव्यात असे 31 वा अध्याय सांगतो, आणि पुढचा अध्याय कोणाला काय दिले आणि काय परत आले याची यादी ठेवायला सांगतो. पूर्वी मला ही नुसती टापटीप वाटत असे. आता मला दिसते की माणसांकडे लक्ष देण्याची सवय या यादीपासून लागते.

प्रार्थनेच्या नियमाबद्दल विचारले आहे म्हणून आमची पद्धत सांगते: सकाळी स्तोत्रे आणि मौन, दुपारी कामाच्या जागीच पाच-दहा मिनिटे, रात्री झोपण्यापूर्वी एक स्तोत्र आणि त्यानंतर सकाळपर्यंत शांतता. एवढेच. पेरणीच्या आणि काढणीच्या दिवसांत सकाळची वेळ सरकते, पण रद्द होत नाही. नियम इतका लहान असावा की थकलेल्या माणसालाही तो पाळता येईल, आणि मग तो खरोखर पाळावा. शिवाय एक नियम प्रार्थनेबाहेरचा. जर्मन पाळक डीट्रिख बॉनहोफर यांनी 1935 मध्ये फिंकेनवाल्डे इथे चालवलेल्या पाळक-प्रशिक्षणात, जे 1937 मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, बंद पाडले, असे ठरलेले होते की कोणाही बांधवाविषयी त्याच्या पाठीमागे बोलायचे नाही, आणि बोलले गेलेच तर त्याला जाऊन सांगायचे. आम्ही हा नियम घेतला आहे. तो रोज मोडतो आणि रोज नव्याने पाळावा लागतो, पण तो नसता तर आम्ही एकत्र राहिलो नसतो असे मला वाटते.

मिठागर

वरच्या दोन्ही उत्तरांत एक विषय आलेला नाही आणि तो टाळता येणार नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. ज्या समुदायात मौन, आज्ञापालन आणि आध्यात्मिक मार्गदर्शन यांना मोठे स्थान असते, तिथे अधिकाराचा गैरवापर लपायला जागाही मोठी असते. बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींबरोबर राहण्यासाठी 1964 मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेल्या लार्श समुदायांनी अनेक लोकांना आपलेपणाचा अर्थ शिकवला. त्यांचे संस्थापक ज्याँ व्हानिए वारल्यानंतर, 2020 मध्ये, संस्थेने स्वतःच करवून घेतलेल्या चौकशीत निष्पन्न झाले की त्यांनी आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून किमान सहा स्त्रियांचे लैंगिक शोषण केले होते. पुढच्या अभ्यासात हा आकडा आणखी वाढला. ज्या धर्मगुरूला व्हानिए आपला आध्यात्मिक पिता मानत, त्याच्यावर चर्चने 1956 मध्येच कारवाई केली होती, तरी त्याचा प्रभाव चालूच राहिला. समुदायाने ही चौकशी केली आणि ती जाहीर केली हे मी मोठे धैर्य मानते, पण त्या स्त्रियांना त्यासाठी अनेक दशके थांबावे लागले.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की आपल्या नियमात हे असावे: मार्गदर्शन करणारी व्यक्ती आणि समुदायाचे निर्णय घेणारी व्यक्ती एकच नसावी, प्रमुखपद ठरावीक मुदतीचे असावे, प्रत्येक सदस्याला, आणि विशेषतः तरुण मुलींना, समुदायाबाहेरच्या कोणाशी तरी मोकळेपणे बोलण्याची कायम सोय असावी, आणि वर्षातून एकदा बाहेरच्या विश्वासू व्यक्तींनी येऊन प्रत्येकाला एकेकटे भेटावे. ‘हे आपल्यातच राहू द्या’ असे जिथे म्हटले जाते तिथे थांबून विचार करावा. बेनेडिक्टसुद्धा तिसऱ्या अध्यायात महत्त्वाच्या निर्णयासाठी सगळ्यांना बोलवायला सांगतो, कारण देव पुष्कळदा सर्वांत लहानालाच योग्य गोष्ट सुचवतो. आपल्याकडे तो सर्वांत लहान कोण आहे, आणि त्याला शेवटचे कोणी आणि कधी विचारले?

ओलावा

आपणा तिघांचे मनापासून आभार. आपली उत्तरे मी छापून गटात वाचून दाखवणार आहे. 58 व्या अध्यायातली कपड्यांची गोष्ट आणि मिठागर यांचा शेवटचा प्रश्न या दोन गोष्टींवर आम्हाला बराच वेळ लागेल असे दिसते.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. पहिली मुलांविषयी: मौनात मुलांचे काय करावे यावर आमच्यात सरळ दोन मते आहेत. एका बाजूला वाटते की मुलांमुळे मौन मोडते, दुसऱ्या बाजूला वाटते की मुलांना बाहेर ठेवून केलेली प्रार्थना समुदायाची नव्हेच. दुसरी गोष्ट, ती जमीन आज रिकामी नाही. एक मजूर कुटुंब अनेक वर्षे ती कसत आले आहे. ते ख्रिस्ती नाहीत. आमच्या बोलण्यात त्यांचा विषय आजवर निघालाच नव्हता, तो ही उत्तरे वाचताना माझ्या मनात आला.

सांजदिवा

मुलांविषयी आमचा अनुभव असा की दोन्ही बाजू खऱ्या आहेत आणि एकाच वेळी दोन्ही पाळता येत नाहीत, म्हणून वेळा वाटून घ्याव्यात. सकाळचे दीर्घ मौन मोठ्यांचे असते. आईबाप पाळीपाळीने येतात आणि जो मुलांजवळ थांबला तो प्रार्थनेला गैरहजर धरला जात नाही. रात्रीची प्रार्थना मुलांसह होते आणि तिचे मौन फार लहान असते. फ्रान्समध्ये ब्रदर रॉजर यांनी 1940 मध्ये सुरू केलेल्या तेझे समुदायाची एक-दोन ओळींची, पुन्हा पुन्हा म्हणायची गाणी इथे फार उपयोगी पडतात, कारण ती वाचता न येणाऱ्या मुलालाही पाठ होतात आणि त्यानंतरची शांतता त्याला लादलेली वाटत नाही. मुलांना घंटा वाजवायला द्यावी. आमच्याकडे ज्या मुलाची पाळी असते ते सर्वांच्या आधी येऊन बसलेले असते. कामाच्या पलीकडे गेलेल्या वृद्धांसाठीही जागा हवी. आमच्याकडे रोजच्या विनंत्यांची वही एका वृद्ध भगिनीकडे आहे, आणि कोणासाठी प्रार्थना करायची ते त्याच सांगतात.

नांगरट

मजूर कुटुंबाचा विषय आपण काढलात हे फार चांगले झाले, आणि माझ्या मते आता तो सगळ्यांच्या आधी घ्यावा, न्यासपत्राच्याही आधी. लेवीयाच्या ज्या अध्यायाचा मी आधार घेतला, तोच अध्याय गरीब झालेल्या भावाला आणि परक्याला आपल्याजवळ जगू द्यायला सांगतो. त्या कुटुंबाला जमिनीची माती, पाणी आणि वारा आपल्यापेक्षा कितीतरी अधिक ठाऊक आहे. त्यांचे कसणे चालू राहणार का, कोणत्या अटींवर, त्यांचे घर कुठे असेल, कायद्याने त्यांचा काही हक्क बनतो का, हे वकिलाकडून समजून घ्यावे. आणि कायद्याने बनत नसला तरी जे देणे योग्य वाटते ते लेखी द्यावे. त्यांनी आपल्या प्रार्थनेला यावे अशी अट तर राहोच, अपेक्षाही त्यात असू नये. ते शेजारी म्हणून राहिले तर न्यासाच्या विश्वस्तांत त्यांच्यातला एक जण असावा की काय, याचाही विचार करावा. माझ्या मते असावा.

दात्या कुटुंबाशी बोलताना मात्र फक्त आईवडिलांशी बोलू नका. त्यांच्या मोठ्या मुलांना बैठकीला बोलवा, जमीन खरोखर हातातून जाणार आहे हे त्यांच्यासमोर स्पष्ट शब्दांत सांगा, आणि त्यांना विचार करायला भरपूर वेळ द्या. त्यांच्यातल्या एकानेही मनापासून नकार दिला, तर ती जमीन भाड्याने घ्या.